सुयांची भूल कुणाला लागते

३ फेब्रुवारी

वही नवी. कुलूप असलेली मिळाली नाही. ड्रॉवरला कुलूप आहे, त्यावर भागवते. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं वाचलं जातं याची मला खात्री आहे. पुरावा नाही. मिळेल.

नोंद म्हणून लिहून ठेवते. आमच्या विभागात गळ्याची लहान ऑपरेशनं सुयांच्या भुलीवर होतात. मनगटाजवळ, कोपराखाली, कानात सुया टोचायच्या, त्यांना बारीक करंट द्यायचा, अर्धा तास थांबायचं. मग पेशंट जागा असतानाच सर्जनबाई काम करतात. काहींना हे छान जमतं. काही जण पहिल्या छेदालाच पुरे म्हणतात आणि नेहमीची पूर्ण भूल द्यावी लागते. कुणाला जमेल आणि कुणाला नाही हे आदल्या दिवशी सांगणं, हे माझं काम. शिक्षण बायोमेडिकल इंजिनीअरिंग. स्वभाव शांत.

सूत्र तयार आहे. बर्फाच्या पाण्यात हात किती सेकंद राहतो, अंगठ्याच्या नखावर किती दाब सोसतो, आणि बावन्न प्रश्नांची प्रश्नावली. शंभरपैकी गुण, दोन दशांश स्थळांपर्यंत. साठच्या वर: जमेल. साठच्या खाली: जमणार नाही.

संकल्प: एप्रिलअखेर नव्वद टक्के अंदाज बरोबर.

७ फेब्रुवारी

पहिला आठवडा. चार पेशंट तपासले. चौघांना गुण साठच्या वर. चौघेही फेल.

पाचवा पेशंट घाईत तपासणीला आलाच नाही. त्याला उत्तम जमलं. टाके घालताना सर्जनबाईंना विचारत होता म्हणे, तुमच्या चपला कुठून घेतल्या. अंदाजाशिवाय जमलं, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने काहीच झालं नाही.

बर्फावर संशय आहे. बर्फ वॉर्डच्या फ्रिजमधून येतो. फ्रिजची किल्ली सिस्टरकडे. उद्यापासून बादलीत दोन थर्मामीटर.

१२ फेब्रुवारी

आज बेकरीवाला. भट्टीसमोर आयुष्य गेलेलं, हाताला घट्टे. बर्फात तीन मिनिटं हात ठेवून मलाच विचारतो, आणखी ठेवू का? गुण ८१.२०. मी रजिस्टरमध्ये 'जमेल' खाली दोन रेघा ओढल्या.

फेल. सुया टोचून वीस मिनिटंही झाली नव्हती. सिस्टर सांगत होत्या, नुसता थरथरत होता, म्हणत होता, त्या बर्फवाल्या मॅडमनी काल विचारलं की सुया मधेच निकामी झाल्या तर आधी कुणाला फोन करायचा. बायकोला करायचा की भावाला, याच्यावर रात्रभर विचार केला, झोप नाही.

तो प्रश्न अडतिसावा. पूर्णपणे योग्य प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे, 'तुम्ही लगेच घाबरता का?' या बाराव्या प्रश्नाला त्याने स्पष्ट 'नाही' लिहिलं होतं. म्हणजे पेशंट खोटं बोलतात. खोटं पकडणारे आठ प्रश्न वाढवले. आता साठ.

'बर्फवाल्या मॅडम' हे नाव वॉर्डात रूढ झालेलं दिसतं. कामावरून ओळखलं जाणं बरंच.

१९ फेब्रुवारी

सुईवाले डॉक्टर म्हणाले, पेशंट खोलीत आला की जरा हसत जा. सूचना लेखी मागितली तर तेच हसले. तरीही प्रयोग म्हणून ठरवलं: प्रत्येकाकडे बघून चार सेकंद हसायचं.

पहिल्याच बाईंनी, गणिताच्या शिक्षिका, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि विचारलं, रिपोर्ट वाईट आलाय का? सरळ सांगून टाका, मी ऐकून घेईन. चार सेकंद जास्त होत असावेत. दुसऱ्या पेशंटला दोन. तो म्हणाला, मॅडम, माझ्या घरच्यांना आत बोलावू का?

प्रयोग बंद.

२४ फेब्रुवारी

सुईवाल्या डॉक्टरांबद्दल. काहीही लिहून ठेवत नाहीत. काम करताना गुणगुणतात. नाडी बघायला बोटं ठेवतात आणि घड्याळाकडे बघत नाहीत. मग मोजतात काय?

आज म्हणाले, एकदा तुमच्याच हातात सुई टोचून बघू या, म्हणजे पेशंटला काय वाटतं ते कळेल. मी म्हटलं, निरीक्षकाने तटस्थ राहायला हवं. शिवाय मला घाई होती. शिवाय त्यांनी सुई आधीच काढून हातात धरली होती, हे मला आवडलं नाही.

आजपर्यंत: तपासलेले सतरा, अंदाज बरोबर सहा. नाणं उडवूनही यापेक्षा जास्त आले असते. नाण्यावर कुणी दबाव आणत नाही, हा फरक.

२ मार्च. दुपारी १.१५

सिस्टर जेवायला गेलेल्या. त्यांच्या वॉर्ड रजिस्टरवर नजर गेली (उघडंच होतं, मी फक्त पानं उलटली). काही पेशंटच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब. टिंबं कुठे आहेत ते उतरवून घेऊन माझ्या तक्त्याशी ताडून पाहिली.

टिंब असलेले जवळजवळ सगळे फेल. टिंब नसलेले सगळे पास.

म्हणजे सिस्टरना आधीच माहीत असतं. एकतीस वर्षं नोकरी, शिक्षण तेव्हाचं, आणि अंदाज माझ्यापेक्षा बरोबर? ज्याला निकाल आधी माहीत असतो, तोच निकाल लावत असतो. आता फक्त कसं, एवढंच शोधायचं.

४ मार्च

विचारलं. सरळ. रजिस्टर समोर ठेवून.

सिस्टर चिडल्या नाहीत, हे आणखी संशयास्पद. म्हणाल्या, अगं, ज्यांना तू तपासलंस त्यांच्यापुढे टिंब. तुझ्या खोलीतून बाहेर येतात तेव्हा हात बर्फ आणि तोंड पांढरं. म्हणून माझ्यासाठी खूण करून ठेवते, की ह्यांच्यापाशी संध्याकाळी थोडं जास्त बसायचं. बोलायचं, पाय चेपायचे, सुनेच्या तक्रारी ऐकायच्या. काही जण येतात ताळ्यावर. सगळे नाही येत.

कबुली! माझ्या पेशंटना तपासणीनंतर हात लावला जातो. गुण एका माणसाचे, ऑपरेशन दुसऱ्याचं. सहा अंदाज बरोबर आले तेही नशीबच म्हणायचं.

मी म्हटलं, याला नमुना दूषित करणं म्हणतात. सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे याला विचारपूस म्हणतात.

६ मार्च

सर्जनबाईंकडे लेखी तक्रार, दोन पानं, तक्ता जोडून. मागणी: मी तपासलेल्या पेशंटजवळ सिस्टरनी दोन आठवडे बसू नये.

सर्जनबाईंनी दोन्ही पानं वाचली. मग तक्ता पुन्हा वाचला. म्हणाल्या, ठीक आहे, दोन आठवडे करून बघू. फेल झाला तर पूर्ण भूल आहेच, कुणाचं नुकसान नाही. तुमचंही समाधान होईल, माझंही.

'माझंही' का म्हणाल्या ते कळलं नाही. नोंदवून ठेवते.

२० मार्च

ऐतिहासिक दिवस.

दोन आठवड्यांत अकरा तपासले. अकराच्या अकरा फेल. एकही अपवाद नाही. दूषित नमुन्यात इतकी शिस्त कधीच नव्हती.

अंदाज सुरुवातीला थोडे चुकत होते, कारण सूत्र सातांना 'जमेल' म्हणत होतं. दोष सूत्राचा नाही, मर्यादा खाली ठेवली होती. साठवरून नव्याण्णववर नेली. आता सूत्र अकराही जणांना 'जमणार नाही' म्हणतं. अचूकता शंभर टक्के. मार्चमध्येच! नव्वदचा संकल्प मागे टाकला.

मधे तीन दिवस मी सर्दीने घरी होते. त्या दिवसांचे सहा पेशंट तपासल्याशिवायच गेले. सहाही पास. पण ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर.

सर्जनबाईंना आकडे दाखवले, सिस्टरवरची बंदी पुढेही चालू ठेवा म्हटलं. म्हणाल्या, हं.

२३ मार्च

आईच्या गळ्यात गाठ आहे.

तीन महिन्यांपासून आहे. माझ्यापासून लपवली, गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून. मी विचारलं होतं की उन्हाळ्यात स्कार्फ कशाला, तर म्हणाली शिवणाचा नमुना आहे, वापरून बघते. आई घरी शिलाईचं काम करते, म्हणून मी विश्वास ठेवला. शिवाय महिनाभर मला खोदून खोदून विचारत होती, सुया टोचल्यावर खरंच दुखत नाही का गं? मला वाटलं, माझ्या कामात रस घेतेय.

सर्जनबाईंनी तपासलं. गाठ काढावीच लागेल. प्रश्न भुलीचा. सहा वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशनला पूर्ण भूल दिली होती, तेव्हा आई दोन दिवस उठली नाही. श्वासाच्या मशिनवर होती. तेव्हाच लिहून दिलंय की पुन्हा पूर्ण भूल अगदीच नाइलाज झाला तर.

म्हणजे सुया. म्हणजे जमायलाच हवं. ९ एप्रिल, सकाळी.

२८ मार्च

आईने तपासणीला नकार दिला. म्हणाली, तुझ्या बादलीत मी हात घालणार नाही. धुणं भिजवायचं असेल तर सांग.

तिच्याच भल्यासाठी न सांगता तपासलं. भाजी धुवायच्या पातेल्यात बर्फ टाकून ठेवला आणि दाराआडून स्टॉपवॉच. नऊ सेकंद. हात काढून म्हणाली, फ्रिज बिघडलाय की तू? नखावरचा दाब: तिचा हात दारात सापडू देणं शक्य होतं, पण ते अयोग्य वाटलं. तो भाग सोडला. प्रश्नावली जेवताना, सहज गप्पांसारखी. चौथ्या प्रश्नाला (बंद खोलीत गुदमरल्यासारखं होतं का) म्हणाली, जेवू दे. नवव्या प्रश्नाला ताट घेऊन शेजारच्या खोलीत गेली.

गुण २२.४०. मर्यादा ९९.

दोनदा मोजले. २२.४०.

३१ मार्च

आईला सांगितलं. लपवणं अप्रामाणिक ठरलं असतं.

तिने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, शंभरात बावीस म्हणजे मी उठणार नाही असं का? मी समजावलं, हे गुण आहेत, शक्यता नव्हे. दोन्हींत फरक असतो. ती म्हणाली, अगं, फरक राहू दे. मी उठेन ना, एवढंच सांग.

मी म्हटलं, माझं सूत्र सध्या शंभर टक्के बरोबर आहे.

नंतर ती काम करत बसली आणि सुई बोटात गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं म्हणाली. चष्म्याचा नंबर बदलला असावा. मशिनवर कव्हर घालून ती चारलाच आडवी झाली. चष्म्यावाल्याची वेळ घ्यायला हवी.

२ एप्रिल

ऑपरेशन पुढे ढकला, असं सर्जनबाईंना सांगायला गेले. म्हणाल्या, पुढे म्हणजे कधी? तोवर गाठ थांबेल?

मग त्यांनी माझाच तक्ता काढला. विचारलं, तपासलेल्यांत पास किती? मी म्हटलं, सुरुवातीचे मोजके, सिस्टर बसत होत्या तेव्हाचे. न तपासलेल्यांत फेल किती? मी म्हटलं, एकही नाही, पण ते कक्षेबाहेर आहेत, मी पूर्वीच नोंदवलंय. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. थकलेल्या दिसत होत्या. ऑपरेशन करणाऱ्या व्यक्तीने अशी झोप मोडणं बरोबर नाही. लक्ष ठेवायला हवं.

परतताना जिन्यात थांबले. साधं तर्कशास्त्र: सूत्र बरोबर असेल तर आईला सुया लागू पडणार नाहीत. सूत्र चुकलं तर दोन महिन्यांचं काम वाया. यात मला काय हवंय याचा विचार करायची गरज नाही, हवं-नको हा घटक सूत्रात नाही.

जिन्यात बराच वेळ होते.

४ एप्रिल

सिस्टरकडे गेले. म्हटलं, शास्त्रीय कारणासाठी एका केसमध्ये तुमचं बसणं चालू ठेवून तुलना करायची आहे. वय एकसष्ट, स्त्री.

सिस्टर म्हणाल्या, तुझी आई का?

मी म्हटलं, केस क्रमांक एकोणतीस.

म्हणजे बंदी उठली म्हणायची? मी म्हटलं, उठली नाही, एका केसपुरती तुलना. तुलना तर तुलना, म्हणाल्या. बरं, तिला काय आवडतं? मी वजन सांगितलं, अठ्ठावन्न किलो. रक्तदाबही. त्या म्हणाल्या, बाई गं, बोलायला काय आवडतं?

ही माहिती माझ्याकडे नव्हती. आठवून लिहून दिलं: काजं, हातशिलाई, गिऱ्हाइकं किती चुकीचं माप सांगतात. सिस्टरनी चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हात किती वेळ होता ते मोजलं नाही.

७ एप्रिल

आई वॉर्डात दाखल. सिस्टर दोन तास तिच्या कॉटवर बसून. मी दाराबाहेर होते (पंखा तपासत). विषय: सिस्टरच्या युनिफॉर्मची बाही कशी चुकलीय. आईने तिथल्या तिथे बाही उसवली. हसत होत्या दोघी. आईचं असं हसणं मी बऱ्याच दिवसांत नोंदवलेलं नाही.

मग सुईवाले डॉक्टर आले. आईने हात पुढे केला, म्हणाली, बघू तुमची सुई कितव्या नंबरची. एक टोचून घेतली आणि म्हणाली, ही तर रेशमाला चालेल. डॉक्टर गुणगुणायला लागले.

तिघांचं काहीतरी ठरलंय. मी आत गेले तर तिघेही गप्प. सिस्टर म्हणाल्या, परवा तू हॉस्पिटलात येऊ नकोस. घरी थांब, संपलं की मी फोन करते. आई म्हणाली, हो बाळा, तू दमलीयेस. मी कबूल केलं.

माझ्या नजरेआड काय करायचं आहे यांना?

९ एप्रिल

९.१० हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपवर. स्टॉप सार्वजनिक आहे.

९.३५ थर्मामीटर विभागात राहिलं होतं. आणायला आत.

१०.०० थर्मामीटर सापडलं. सुया टोचून झाल्या असतील.

१०.२० ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा बाक. कुणी पाहिलेलं नाही. आतून कुणाचाही आवाज नाही, हे चांगलं की वाईट?

१०.४२ दाराच्या गोल काचेतून पाहिलं. गळ्यापुढे हिरवा पडदा. पलीकडे आई, जागी, सिस्टरशी बोलतेय. चेहरा शांत. तिची नजर दाराकडे वळली, मला पाहिलं. मी धीर म्हणून मान हलवली. तिला किती आधार वाटला असेल!

१०.४४ आत काहीतरी धावपळ. नेहमीची असावी. सिस्टरनी येऊन काचेवरचा पडदा ओढला. माझ्याकडे पाहिलं नाही.

१०.५५ अजून बाकावर. हात थंड. एसी.

११.३५ झालं. गाठ निघाली, वाईट काही नाही. पूर्ण भूल द्यावी लागली नाही. आई स्ट्रेचरवरून जाताना सिस्टरला सांगत होती, ती बाही उद्या आणा, मी घालून देते.

दुपारी ३.००

तक्त्यात भरलं. केस क्र. २९. अंदाज: जमणार नाही. प्रत्यक्ष: जमलं. सूत्र चुकलं.

बरोबर भरलंय ना, हे तीन वेळा उघडून पाहिलं. कामासाठी एवढ्या वेळा पाहायची गरज नव्हती.

१० एप्रिल

आई उठून बसली, पेज प्यायली. विचारलं, दुखलं का? म्हणाली, नाही गं, नुसतं कुणीतरी कापड ओढल्यासारखं. मग म्हणाली, एकदाच जरा छातीत धस्स झालं. का, ते सांगितलं नाही. माझ्या हातावर थोपटलं.

सर्जनबाईंनी बोलावून मॉनिटरची पट्टी हातात दिली. दीड तासाची नाडी. सगळी रेघ बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर, सपाट. मधेच एक डोंगर: एकशे चोवीस. सर्जनबाईंनी तेव्हा हात वर घेतले होते. सुईवाल्या डॉक्टरांनी पूर्ण भुलीचा मास्क उचलला होता. सिस्टर तिच्या कानाशी बाहीबद्दल बोलत राहिल्या म्हणून सहा मिनिटांत नाडी खाली आली. आणखी एक मिनिट लागलं असतं तर मास्क लावावा लागला असता.

डोंगराची सुरुवात: १०.४२.

अहवालात 'कारण' हा रकाना रिकामा आहे. सर्जनबाई म्हणाल्या, हा तुम्ही भरा. कारण शोधणं तुमचं काम आहे ना?

शक्यता: (१) करंटमध्ये चढउतार. (२) कानातली सुई सैल. (३) मॉनिटरचं घड्याळ पुढे. तिसरी सर्वांत संभाव्य. असली यंत्रं कुणी वेळेवर लावत नाही.

उद्या सकाळी तपासते.

११ एप्रिल. सकाळी ८.०५

करंटची नोंद पाहिली. स्थिर. सुया पाचही घट्ट होत्या, डॉक्टरांनी एकदाचं काहीतरी लिहून ठेवलंय. मॉनिटरचं घड्याळ माझ्या घड्याळाशी तीनदा ताडून पाहिलं.

घड्याळ बरोबर आहे. या वहीतली १०.४२ ची नोंदही.

८.४०

रकाना लहान आहे. एक अक्षरच मावलं. भरला.